सात सुताची नळी

खोकं लांबट असतं, पाच फुटांच्या आसपास. कुरिअरवाला ते दाराशी टेकवून निघून जातो. आत मेपलच्या लाकडाचा बराचसा कोरून तयार केलेला दस्ता, पितळी किंवा लोखंडी जोडकाम, चाप, गारगोटी धरणारा घोडा आणि त्याची कमान, स्क्रूंच्या पुड्या आणि तेलकट कागदात गुंडाळलेली एक अष्टकोनी पोलादी नळी. हे झालं ठासणीच्या रायफलीचं किट. अमेरिकेत ते घरपोच मिळतं आणि ते जोडत बसणारी माणसं आपल्याकडच्या हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांसारखी असतात: थोडी, चिकाटीची आणि एकमेकांना ओळखून असणारी.

नळी उजेडात तिरपी धरली की तिच्या पैलूंवर आडव्या बारीक रेघा दिसतात. मिलिंग मशीनचा कटर पोलाद खरवडत पुढे गेला, त्याच्या त्या खुणा. कुठे त्या नखाला लागतात, कुठे नुसत्या डोळ्यांना. किटबरोबरच्या माहितीपत्रकात लाकडाबद्दल बरंच काही असतं: कोणता पॉलिश पेपर, कोणता रंग, तेलाचे किती हात. नळीबद्दल दोन-चार ओळी. यंत्राच्या खुणा काढाव्यात, पृष्ठभाग साफ करावा, हवा तो रंग चढवावा. या लेखाला त्या दोन-चार ओळींपुरतंच बोलायचं आहे.

किट जोडणाऱ्याने बंदूक ‘बनवली’ असं म्हणणं खरं तर धाडसाचं आहे. भोक पाडणं, भोकात पीळदार खाचा कापणं, मागचं बूड आट्यांच्या बुचाने घट्ट बंद करणं, म्हणजे ज्या कामांनी पोकळ नळीची बंदूक होते ती सगळी कारखान्यात उरकलेली असतात. त्याच्या वाट्याला उरतो तो पृष्ठभाग. पण पृष्ठभागावर चुकायला जागा भरपूर, आणि तिथल्या चुका बहुतेक वेळा काम कमी पडल्याने होत नाहीत, जास्त झाल्याने होतात. कानस कुठे थांबवायची, कागद कोणत्या नंबरावर थांबवायचा, गंज कधी थांबवायचा. नळीचं सगळं शिक्षण या तीन थांब्यांत आहे, असं हे काम जवळून बघितल्यावर माझं मत झालं.

ही रायफल मुळात पेनसिल्व्हेनियाची. १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन आणि स्विस कारागीर लँकेस्टर आणि आसपासच्या भागात येऊन वसले. येताना त्यांनी मध्य युरोपातली आखूड, जाड नळीची शिकारी रायफल आणली होती, तिला ‘येगर’ म्हणत. नव्या मुलुखात गरज वेगळी निघाली. महिनोन्‌महिने जंगलात हिंडणाऱ्याला शिसं आणि दारू स्वतःच वाहून न्यावी लागे, म्हणून गोळी लहान झाली आणि भोक अरुंद झालं. नळी मात्र लांबत गेली, ४२ इंच, ४४ इंच, कधी त्याहूनही जास्त. पुढे जगाने तिला केंटकी रायफल म्हटलं, घडत ती मुख्यतः पेनसिल्व्हेनियात असली तरी. १९ व्या शतकात सेंट लुईस शहरात जेकब आणि सॅम्युएल हॉकेन या भावांनी पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी तिचाच आखूड, दणकट अवतार काढला. मग काडतुसं आली, मागून भरायच्या बंदुका आल्या आणि ठासणीची रायफल अडगळीत गेली.

ती परत बाहेर काढली हौशी लोकांनी. १९३३ मध्ये ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या नेमबाजीच्या जत्रा आजही इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाच्या लहानशा गावी भरतात. १९५४ मध्ये टेनेसीतल्या युनियन सिटी इथे टर्नर कर्कलंड यांनी ‘डिक्सी गन वर्क्स’ काढलं आणि सुटे भाग टपालाने मिळू लागले. १९७० मध्ये न्यू हॅम्पशायरच्या थॉम्पसन/सेंटर कंपनीने ‘हॉकेन’ नावाची रायफल बाजारात आणली. ती जुन्या हॉकेनसारखी फारशी दिसत नाही, असं जाणकार नाक मुरडून सांगतात, पण खपली प्रचंड. १९७२ मध्ये रॉबर्ट रेडफर्डचा ‘जेरेमाया जॉन्सन’ आला. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली. या सगळ्या वाऱ्यावर किटांचा धंदा फुलला आणि हजारो गॅरेजांत पहिल्यांदाच कोणीतरी कानस हातात घेतली.

कायद्यानेही वाट मोकळी ठेवली आहे. १९६८ च्या अमेरिकी संघीय कायद्यात पुरातन शस्त्रांना आणि काळ्या दारूवर चालणाऱ्या, तयार काडतूस न घेणाऱ्या त्यांच्या प्रतिकृतींना बंदुकीच्या व्याख्येतून वगळलेलं आहे. राज्यांचे नियम वेगळे असतात, पण साधारणपणे नळी घरपोच येते ती त्यामुळे. हे वाचून दादरला किट मागवण्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल, तर तो तिथेच सोडावा. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीची बंदूक हीदेखील परवान्याचीच बंदूक आहे, आणि शस्त्राचे सुटे भागसुद्धा ‘शस्त्र’ या व्याख्येत मोडतात. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजून भिंतींना टेकून आहेत, रानडुकरांसाठी. पण त्या घरात बसून घडवण्याची गोष्ट नाही.

जुन्या काळी ही नळी कशी घडत असे ते बघायचं असेल, तर १९६९ चा ‘गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ हा माहितीपट बघावा. व्हर्जिनियातल्या वसाहतकालीन विल्यम्सबर्ग या जपून ठेवलेल्या गावात वॉलेस गस्लर या कारागिराने त्यात लोखंडाच्या पट्टीपासून पूर्ण रायफल हाताने केली आहे. पट्टी भट्टीत लाल-पांढरी तापवायची, सळईभोवती वळवायची, टाकणखार टाकून थोडी थोडी सांधत न्यायची. मग आतलं भोक कापून मोठं आणि सरळ करायचं, लाकडी पीळदार मार्गदर्शकाच्या आधाराने एक एक खाच ओढत कापायची. बाहेरचे आठ पैलू दगडी चाकावर किंवा कानशीने. हे बघितल्यावर किटवाल्याचं काम केवढंसं वाटतं. आणि तरी शेवटची पायरी दोघांचीही तीच: कानस, हात आणि नजर.

मला ते काम बघायला मिळालं ते पेनसिल्व्हेनियात मुलाकडे राहणाऱ्या एका मराठी काकांमुळे. काकांची सगळी नोकरी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. शेजारी शाळेतून निवृत्त झालेले अमेरिकन गृहस्थ. त्यांनी किट मागवलं आणि गॅरेज उघडं ठेवून कामाला लागले.

“अरे, इथून आवाज ऐकू येत होता,” काका म्हणाले. “कानस किंचाळत होती. हात बरोबर असला की ती किंचाळत नाही, नुसती खरखरते. दोन दिवस गप्प बसलो, मग गेलो.”

गेल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती नळीला कॅलिपर लावला आणि म्हणाले, “सात सूत.” एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा सात अष्टमांश इंच, बावीस मिलीमीटरच्या जरा वर. शेजाऱ्यांना सूत कळलं नाही, पण पुढे काका बोटांच्या चिमटीने “टू थाऊ, थ्री थाऊ” करू लागले ते बरोबर कळलं. इंचाचा हजारावा भाग दोन्ही देशांच्या कारखान्यांत त्याच बोलीत बोलला जातो.

हिशेब असा. सात सुताच्या अष्टकोनी नळीचा प्रत्येक पैलू जेमतेम नऊ मिलीमीटर रुंद असतो. पूर्ण लांबीच्या लाकडात बसणाऱ्या नळीचे खालचे तीन पैलू लाकडात दडतात, दिसतात ते वरचे पाच. बाजूच्या दोहोंचाही फक्त वरचा अर्धा भाग. ४२ इंचांची नळी धरली तर पाच पैलू मिळून साडेसतरा फूट लांबीची, बोटापेक्षाही अरुंद पट्टी सपाट करायची आहे. जुन्या रायफली लाकडातून सोडवल्या की खालच्या पैलूंवर दगडी चाकाचे आणि कानशीचे ओरखडे तसेच सापडतात. जे दिसत नाही त्यावर जुना कारागीर वेळ घालवत नसे. आजचा हौशी माणूस घालवतो, आठही पैलू आरशासारखे करतो आणि त्याचे फोटो काढतो. मला त्यात भक्तीपेक्षा रिकामा वेळ जास्त दिसतो.

नळी व्हाइसमध्ये धरताना जबड्यांना लाकडाच्या किंवा चामड्याच्या पट्ट्या लावायच्या, आणि लांबचं टोक लाकडी खाचेवर टेकवायचं. नाहीतर साडेतीन फुटांची नळी हाताच्या दाबाखाली झुलते आणि कानस उड्या मारते. किंचाळण्याचं निम्मं कारण तेच होतं. उरलेलं निम्मं कानस धरण्यात. सरळ पुढे ढकलायची कानस इथे चालत नाही. ती दोन्ही हातांनी दोन टोकांना धरून नळीवर आडवी ठेवायची आणि नळीच्या लांबीच्या दिशेने सरकवत न्यायची. ड्रॉ फायलिंग म्हणतात ते हेच. आपल्या आयटीआयमध्ये फिटरचं प्रशिक्षण घेतलेल्या कोणालाही हे माहीत असतं. दोन्ही अंगठे नळीच्या जितके जवळ, तितकी कानस कमी डुलते. दाब एकाच दिशेने, परतताना उचलून. असं केलं की पोलाद थोडं थोडंच निघतं, पण मागे राहणारे बारीक चरे नळीच्या लांबीला समांतर पडतात आणि यंत्राच्या आडव्या रेघा पुसल्या जातात.

कानशीच्या दातांत खडू घासायचा. ही युक्ती काकांनी शिकवायची गरज पडली नाही, शेजारी शिक्षक असल्यामुळे खडू त्यांच्याकडे ढीगभर होता. खडू नसेल तर लोखंडाचा कीस दातांत अडकून बसतो आणि तो अडकलेला एक कण सगळ्या पैलूवर खोल, लांब चरा पाडत जातो. तो चरा काढायला पुन्हा सगळा पैलू त्या खोलीपर्यंत उतरवावा लागतो. म्हणून चार-सहा हात झाले की तारेच्या ब्रशने कानस झाडायची. काका हे इतक्या यांत्रिकपणे करत होते की बोलताना त्यांचं त्याकडे लक्षही नव्हतं.

आता पहिला थांबा. पैलूवर जाड मार्करने निळा रंग फासायचा आणि कानस चालवायची. जिथे रंग उरतो तिथे पृष्ठभाग खोलगट आहे. सगळा रंग जाईपर्यंत चालवायची, एवढंच. खोलगट जागा एकाच ठिकाणी असेल, तर नवशिक्या माणूस तिथेच कानस घासत बसतो आणि खोलगटाचा खड्डा करतो. खरं तर उतरवायचा असतो तो तिच्या आजूबाजूचा उंच भाग. सगळं मिळून निघतं किती? चांगल्या नळीवर दोन-तीन थाऊ, वाईट नळीवर पाच-सहा. पन्नास कॅलिबरचं भोक १२.७ मिलीमीटरचं, म्हणजे पैलूच्या मध्यावर भिंत पावणेपाच मिलीमीटरच्या आसपास उरते. त्यात या थाऊंनी काही बिघडत नाही. बिघडतं ते कडांचं.

दोन पैलू जिथे मिळतात ती कड हीच या नळीची सगळी शोभा. कड धारदार आणि सरळ असली की उजेड एका पैलूवर झळकतो आणि शेजारचा काळा राहतो. कानस एक-दोन अंशांनी जरी डुलली तरी कड गोलावते, आणि गोल झालेली कड परत आणायची तर दोन्ही पैलू पुन्हा उतरवावे लागतात. काका प्रत्येक पैलूला किती हात पडले ते तोंडाने मोजत होते, कारण एका पैलूला वीस आणि शेजारच्याला चाळीस हात पडले की पैलूंची रुंदी वेगळी दिसू लागते. नऊ मिलीमीटरच्या शेजारी साडेआठ. मोजपट्टी लागत नाही, डोळा लगेच पकडतो.

किटच्या नळीवर कारखान्याचं नाव, कॅलिबर आणि ‘फक्त काळी दारू’ अशी सूचना ठोकलेली असते. हौशी लोकांना ती अक्षरं खुपतात, १७७५ च्या रायफलीवर विसाव्या शतकातला शिक्का नको म्हणून ते ती घासून काढतात. पैलू त्या ठिकाणी खोल जातो ते सोडा, पण सूचना अर्थपूर्ण आहे. धूरविरहित आधुनिक दारू अशा नळीत भरली तर दाब इतका चढतो की नळी फुटते, आणि बंदूक चालवणाऱ्याच्या नातवाला हे ठाऊक असेलच असं नाही. कॅलिबर आणि सूचना राहू द्यावी. फार तर लाकडात दडणाऱ्या पैलूवर ठळकपणे परत ठोकून घ्यावी. बुडाच्या बुचाला तर हातच लावू नये. त्याचा आतला चेहरा भोकाच्या कडेला घट्ट टेकून बसलेला असतो, तो हलवून परत बसवणं हे किटवाल्याचं काम नव्हे. बुचाचं शेपूट मात्र वरच्या पैलूला समपातळीत येईपर्यंत घासायचं असतं, आणि ते नळीला जोडलेलं असतानाच, म्हणजे दोन्हींवरून एकच हात जातो.

यानंतर कागद. आधी १२०, मग १८०, मग २२०. कागद सपाट लाकडी ठोकळ्यावर किंवा कानशीवरच गुंडाळायचा. बोटाने दाबायचा नाही, कारण बोट मऊ असतं आणि कड खातं. प्रत्येक नंबरच्या कागदाने आधीचे चरे पूर्ण घालवायचे. घाई केली तर रंग चढल्यावर ते चरे पुन्हा वर येतात, पहिल्यापेक्षा ठळक. आणि दुसरा थांबा इथेच. हात चालू लागला की माणसाला ३२०, ४००, ६०० चा मोह होतो, नळी चकाकू लागते, घरचे कौतुक करतात. तपकिरी रंग चढवायचा असेल तर हे कौतुक महागात पडतं. तो रंग गंजाचाच असतो आणि गंजाला पकडायला जराशी खरखर लागते. आरशावर तो ठिपक्याठिपक्यांनी बसतो. २२० वर थांबावं, फार तर ३२० वर. निळी-काळी झाक हवी असेल तर पुढे जायला हरकत नाही.

नळीच्या तोंडाला मात्र गुळगुळीतपणाची गरज फार. ठासणीच्या रायफलीत शिशाची गोल गोळी भोकापेक्षा किंचित लहान असते: पन्नास कॅलिबरच्या भोकाला साधारण ०.४९० इंचाची. मधली फट भरते कापडाची चिंधी. गादी-उशीच्या जाड पट्टेरी खोळीचं कापड यासाठी हौशी लोकांचं आवडतं. गोळी त्या चिंधीत धरून तोंडातून आत दाबायची आणि गजाने दारूपर्यंत ठासायची. पीळदार खाचांवर पकड घेते ती चिंधी, गोळी नव्हे. नळीच्या तोंडाची आतली कड धारदार राहिली असेल तर ती चिंधी तिथेच कापली जाते आणि नेम जातो. म्हणून ती कड बेताने मोडायची. जुनी पद्धत सोपी आहे: कागदाचा तुकडा भोकावर ठेवायचा, अंगठ्याचं पेर त्यावर दाबायचं आणि गोल फिरवत राहायचं, मधून मधून नळी व्हाइसमध्ये चतकोर फिरवायची म्हणजे एका बाजूला जास्त दाब पडत नाही. अंगठ्याचा गोलवा इथे कामाला येतो. पैलूंवर बोट नको म्हणणारे काका इथे अंगठ्याशिवाय दुसरं काही वापरू देईनात.

चिंधीला वंगण लागतं: थुंकी, तेल, नाहीतर चरबी. आपल्या इतिहासात ठासणीची रायफल आली ती या वंगणामुळेच. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड, जिच्या काडतुसांच्या चरबीवरून १८५७ मध्ये बंगालच्या पलटणी उठल्या, ती तोंडातून भरायची, पीळदार नळीचीच रायफल होती. तिच्यात चिंधीऐवजी कागदी काडतूस, ते दाताने तोडून दारू ओतायची, आणि गोळीवर गुंडाळलेल्या कागदाला वंगण. तोंड, गज, ठासणं, सगळं तेच.

आता गंज. कोकणात किंवा मुंबईत वाढलेल्या माणसाला ही कल्पनाच पचत नाही की कोणी लोखंड मुद्दाम गंजवत ठेवतं. आपलं आयुष्य खिडकीचे गज रंगवण्यात, पत्र्याच्या पेट्या पुसण्यात आणि सायकलच्या साखळीला तेल पाजण्यात गेलेलं. पण नळीचा तो सुंदर, गडद, चॉकलेटी तपकिरी रंग म्हणजे दाट, एकसारखा, ताब्यात ठेवलेला गंज. त्यासाठी नळी आधी तेलमुक्त करायची. जुन्या कृतींत त्यासाठी चुना लावत, आज अॅसिटोन वापरतात. त्यानंतर हातमोज्याशिवाय स्पर्श नाही, बोटाचा तेलकट ठसा रंगात कायमचा उमटतो. भोकात आतून वंगण फासून तोंडाला लाकडी खुंटी ठोकायची: आत द्राव जाऊ नये आणि धरायला मूठ व्हावी, दोन्ही कामं एकात. काना, म्हणजे बत्ती आत जायचं बारीक भोक, दात कोरायच्या काडीने बंद. मग नायट्रिक आम्लाच्या क्षारांचा किंवा तसलाच सौम्य आम्लयुक्त द्राव फडक्याने एकाच हातात, पातळ, ओघळ न पडता लावायचा. परत मागे येऊन पुसायचं नाही.

मग नळी दमट जागी टांगायची. पेनसिल्व्हेनियाच्या कोरड्या हिवाळ्यात त्यासाठी खास लाकडी पेटी करावी लागते, तळाशी गरम पाण्याचं भांडं, कडेला ओला टॉवेल, आत एक बल्ब. काकांनी ती पेटी बघितली आणि म्हणाले, “जुलैत रत्नागिरीला आणा, पडवीत टांगा, काही करायला नको.” खरंच आहे, ऐंशी-नव्वद टक्के दमटपणा तिथे फुकट असतो. काही तासांनी नळीवर नारिंगी, मखमली लव येते. ती स्टील वूलने किंवा जाड कापडाने हलक्या हाताने झाडायची. सैल गंज निघतो, घट्ट बसलेला राहतो. पुन्हा द्राव, पुन्हा दमट पेटी, पुन्हा झाडणं. पहिल्या फेरीनंतर नळी इतकी डागाळलेली, रोगट दिसते की शेजाऱ्यांनी सगळं घासून पुन्हा सुरू करायचं ठरवलं होतं. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं, टूलरूममध्ये गंज हा शत्रूच. पण ते म्हणाले, “तीन फेऱ्या होऊ द्या, मग बघू.” तिसऱ्या-चौथ्या फेरीला डाग एकमेकांत मिसळले.

तिसरा थांबा सगळ्यांत अवघड, कारण गंज सांगितल्यावर लगेच थांबत नाही. हवी ती छटा आली की खाण्याच्या सोड्याचं पाणी ओतून आम्ल मारायचं, गरम पाण्याने धुवायचं, कोरडं करून तेल द्यायचं. तरी पुढचे काही दिवस कडांवर आणि बुडाच्या सांध्याशी नवा नारिंगी गंज डोकावतो, त्याला परत तेल. फेऱ्या फार झाल्या तर पृष्ठभाग खाल्ला जाऊन पुरळ उठल्यासारखा खडबडीत होतो. आणि तपकिरी नळी उकळत्या पाण्यात बुडवली तर तोच तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि नळी निळसर काळी होते. एकाच कृतीतून दोन रंग, फरक फक्त पाणी उकळण्याचा. गंमत म्हणजे दस्त्याच्या लाकडालाही लोखंडच रंगवतं: नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून ते मेपलवर लावायचं आणि उष्णता द्यायची, की लाकडातल्या लहरी तांबूस सोनेरी उठतात. रायफल वरपासून खालपर्यंत लोखंड आणि आम्ल यांच्याच रंगांत असते.

भारतीय लोहारांना हा खेळ चांगला ठाऊक होता. आपल्या जुन्या तोड्याच्या बंदुकांच्या उत्तम नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सांधून केलेल्या असत. आम्ल दोन्ही धातूंना सारखं खात नाही, त्यामुळे शेवटच्या हातात नळीवर लाटांसारखी नक्षी वर येई. तिथे कानशीने फक्त जागा करून द्यायची, नक्षी आतच असते. किटची नळी एकजिनसी, सहज कापल्या जाणाऱ्या पोलादाची. तिच्यातून नक्षी निघणार नाही. आजही भारतात ठासणीच्या बंदुकांच्या प्रतिकृती होतात, परदेशात ऐतिहासिक लढाया हुबेहूब सादर करणारे लोक त्या घेतात, आणि त्यातल्या कित्येक काना न पाडताच विकल्या जातात. काना नसलेली नळी ही नुसती नळी.

तपकिरी रंगच खरा का, यावर जाणकारांत वाद आहे. १८ व्या शतकातल्या अनेक रायफलींच्या नळ्या मूळच्या चकचकीत पोलादी किंवा निळ्या असाव्यात, आणि तपकिरी रंगाची चलती शतकाच्या अखेरीस आणि पुढच्या शतकात झाली, असं आज बरेच अभ्यासक मानतात. आपल्याला संग्रहालयात दिसणारा तपकिरी रंग अनेकदा दोन शतकांच्या आळसाचा असतो. तो आळस आठवड्याभरात उतरवायची धडपड म्हणजे आजचं ब्राउनिंग. त्याहून पुढे जाऊन काही कारागीर नळीवर मुद्दाम खड्डे पाडतात, कडा झिजवतात, जणू ती १७८० पासून वापरात आहे. पहिल्या थांब्यावर एवढी जपलेली कड शेवटी स्वतःच मोडायची हे माझ्या पचनी पडत नाही, पण त्या कामाला कसब लागतं हे कबूल करायला हवं.

शेजाऱ्यांच्या नळीवर बुडापासून वीतभर अंतरावर, उजव्या तिरप्या पैलूवर एक आडवी रेघ अजून आहे. रंग फासला तेव्हा दिसली नव्हती, तपकिरी झाल्यावर दिसली. काकांचं म्हणणं अर्ध्या तासाचं काम आहे. शेजारी म्हणतात, राहू दे. बंदूक डिसेंबरात बाहेर पडणार आहे: पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून नाताळनंतर फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो. एका वेळी एक गोळी, ती चुकली तर पुन्हा भरायला अर्धं मिनिट तरी, आणि पावसाने रंजक, म्हणजे बत्तीची दारू, भिजली तर तेही नाही. काळ्या दारूचा अवशेष हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून प्रत्येक वेळी परतल्यावर नळी गरम साबणाच्या पाण्याने आतून धुवायची, कोरडी करायची, तेल द्यायचं. टाळलं तर रात्रीतून आत गंज धरतो, आणि त्या गंजाला कोणी दमट पेटी दिलेली नसते.

दरम्यान पुढचं किट मागवून झालं आहे. या वेळी नळी एकसारख्या जाडीची नाही: बुडाशी जाड, मध्ये कमरेला बारीक, तोंडाशी पुन्हा थोडी फुललेली, जुन्या पेनसिल्व्हेनियाच्या पद्धतीची. तिचे पैलू लांबीच्या दिशेने किंचित आत वळलेले असतात. काकांनी खोकं उघडण्याआधीच लाकडाचा दोन इंची ठोकळा कापून ठेवला आहे. आधीचा सहा इंची कमरेवर टेकणारच नाही, म्हणतात, दोन टोकांवर घासेल आणि मध्ये नुसता हवेतून जाईल.